घरात चार-पाच मुलं असताना रोजची कौटुंबिक प्रार्थना कशी चालवावी

रोज तासभर उपासना करा, मुलांकडून अध्यायच्या अध्याय पाठ करून घ्या, असे सल्ले देणाऱ्यांच्या घरी बहुधा एकच मूल असतं, नाहीतर मुलं केव्हाच मोठी होऊन नोकरीला लागलेली असतात. आमच्या घरी पाच मुलं आहेत. थोरली दहावीला, धाकटा नुकता बालवाडीत जायला लागलेला. नवऱ्याची एमआयडीसीत पाळीची नोकरी, माझी शाळा, दोघांचे क्लास आणि न्हाणीघर एकच. तरी संध्याकाळची प्रार्थना आमच्याकडे चालते आणि तिच्यासाठी कुणाला ओढून आणावं लागत नाही. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणि उपासना संगीत हे आपलं गीतांचं पुस्तक तुमच्या घरी आहे असं धरून पुढचं सांगते.

वेळ

प्रार्थना जेवणाआधी घ्या, जेवणानंतर नको. जेवण झालं की धाकटं तिथेच लवंडतं, मोठ्यांना अभ्यास आठवतो आणि आईला ओटा दिसत असतो. कुकर उतरवला, गॅस बंद केला की हाक मारायची. भुकेमुळे प्रार्थना आपोआप आटोपशीर राहते, हेही चांगलंच. एकूण पंधरा मिनिटं पुरे. वीस मिनिटं झाली तर दुसऱ्या दिवशी मुलं उशिरा येऊन बसतात, हे कुठल्याही घरात पाहा.

सगळे जमेपर्यंत थांबू नका. ज्याची दुसरी पाळी आहे तो नसेल, जो क्लासला आहे तो मध्येच येऊन बसेल. बाबा आखातात असतील तर फोन लावा. आपल्याकडे रात्री आठ म्हणजे दुबईत साडेसहा. त्या वेळी ते कामावरून सुटलेले असले तर शेवटची प्रार्थना त्यांना म्हणू द्या. इतर सगळे मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत.

गाणं

एक गाणं, दोन कडवी. आठवडाभर तेच ठेवा, म्हणजे शनिवारपर्यंत सर्वांत लहान मुलाचंही पाठ होतं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं मराठी वळणाची आहेत. पेटी नसली तरी टाळ्यांवर म्हणता येतात.

वाचन

उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करून सरळ शेवटच्या प्रकटीकरणापर्यंत जाऊ, असं ठरवू नका. दुसऱ्या पुस्तकाच्या, निर्गमच्या, पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात. तिथे लहान मुलं चुळबुळायला लागतात, आणि लेवीय हे पुढचं पुस्तक येईपर्यंत आईबापही थकलेले असतात. ते सगळं वाचायचं आहेच, पण मुलं मोठी झाल्यावर.

सुरुवात मार्कपासून करा. येशूची गोष्ट सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, अध्याय फक्त 16, आणि सतत काहीतरी घडत असतं. रोज दहा-बारा वचनं घेतली तर साधारण दोन महिने लागतात. त्यानंतर योसेफाची गोष्ट घ्या, उत्पत्ती 37 ते 50. मध्ये अडतिसावा अध्याय सोडून द्या आणि एकोणचाळिसावा लहानांना थोडक्यात तोंडी सांगा. जास्त भावंडांच्या घरात या गोष्टीइतकी लक्ष देऊन ऐकली जाणारी दुसरी गोष्ट नाही. बापाचा लाडका मुलगा, त्याचा पायघोळ झगा, भावांचा जळफळाट, सगळं त्यांच्या रोजच्या ओळखीचं असतं. पहिल्या दिवशी योसेफ खड्ड्यात पडला की तिथेच थांबा. पुढे काय झालं ते सांगू नका, कितीही हट्ट केला तरी.

रूथ आणि योना चार-चार अध्यायांची. ती परीक्षेच्या आठवड्यासाठी राखून ठेवा. सगळे दमलेले असतील त्या दिवशी स्तोत्र 136 घ्या. त्याच्या सव्वीसही वचनांचा शेवट एकच आहे. एकाने पहिला भाग वाचायचा आणि सर्वांनी मिळून ‘कारण त्याची दया सनातन आहे’ म्हणायचं. वाचता न येणारं मूलही त्यात पूर्ण सामील होतं. लग्नाहून रात्री दहाला घरी आलात तर स्तोत्र 117, दोनच वचनं, आणि झोपा. डिसेंबरमध्ये लूकचे पहिले दोन अध्याय तुकडे करून घ्या. पहिला अध्याय 80 वचनांचा आहे, तो एका बैठकीत उरकायला जाऊ नका.

वाचायची पाळी मुलांची. इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी अडखळत वाचतात, आणि भावंडं हसली की पुढच्या वेळी त्यांचं डोकं दुखायला लागतं. अशा मुलाला दुपारीच त्याची पाच वचनं दाखवून ठेवा, एकदा तुमच्यासमोर वाचून घ्या. संध्याकाळी ते ताठ बसून वाचेल. वाचल्यावर एकच प्रश्न विचारायचा, तोही सोपा: या गोष्टीत तू कोण झाला असतास? उत्तर आलं तर ऐका, नाही आलं तर पुढे चला. प्रवचन नको. ते रविवारी पाळकसाहेब करतातच.

मुलांची प्रार्थना

आता खरी अवघड पायरी. आम्हाला सगळ्यांत जड गेली ती हीच, आणि बहुतेक घरांतली कौटुंबिक प्रार्थना इथेच मोडते. गाणं झालं, वाचन झालं, आता प्रत्येकाने मोठ्याने दोन शब्द बोलायचे. लहानगं घडाघडा बोलतं, मधली दोघं पाठ केलेलं एकच वाक्य म्हणतात, आणि तेरा-चौदा वर्षांचं मूल मान खाली घालून बसतं.

पहिला नियम मोठ्यांसाठी आहे आणि त्याला अपवाद नाही. प्रार्थनेतून मुलाला रागवायचं नाही. ‘प्रभू, याला अभ्यास करायची बुद्धी दे’, ‘प्रभू, हिला उलट उत्तरं न देण्याची शक्ती दे’ ही देवाशी केलेली बोलणी नव्हेत. मुलाला ते पक्कं कळतं. डोळे मिटलेले असताना, भावंडांच्या समोर, उत्तर देता येणार नाही अशा जागी आपल्याला पकडलंय, हे त्याला कळतं. मग ते प्रार्थनेला येतं, पण मनाने नाही. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात बापांना सांगितलं आहे की मुलांना चिरडीस आणू नका. डोळे मिटून चिरडीस आणलं तरी ते चिरडीस आणणंच आहे. रागवायचं असेल तर जेवण झाल्यावर त्या एकट्याला बाजूला घेऊन रागवा, सरळ नाव घेऊन, कारण सांगून. प्रार्थनेत त्याच्यासाठी मागायचं ते त्याला स्वतःला हवं असलेलं: उद्याची परीक्षा नीट जावी, पायाची जखम भरावी, रुसलेला मित्र परत बोलायला लागावा. त्यासाठी मुलाला काय हवंय ते माहीत असावं लागतं. नसेल माहीत तर प्रार्थनेआधी विचारा.

हाच नियम भावंडांनाही. ‘प्रभू, दादाला माझ्या वह्या फाडू नको असं सांग’ ही तक्रार आहे. ती आईकडे करायची. एकमेकांच्या चुका प्रार्थनेत आणायच्या नाहीत, हे आधीच एकदा शांतपणे सांगून ठेवा. प्रार्थना चालू असताना टोकू नका.

दुसरी गोष्ट क्रमाची. सर्वांत लहान आधी, थोरली सर्वांत शेवटी. उलटा क्रम घेतलात तर लहानं मोठ्यांचं ऐकून तेच शब्द गिरवतात: ‘दयाळू प्रेमळ स्वर्गीय पित्या, आजच्या या सुंदर दिवसाबद्दल’. चार वर्षांच्या मुलाचं हे बोलणं नसतं. त्याला आधी बोलू दिलं की ते अंगणातल्या मेलेल्या चिमणीबद्दल बोलतं, उसळीत निघालेल्या खड्याबद्दल बोलतं, नव्या चपलांबद्दल आभार मानतं. यावर हसायचं नाही. आजीनेही नाही, पाहुण्यांनीही नाही. एक हसू पुरतं. त्यानंतर ते मूल पाठ केलेलं वाक्यच म्हणायला लागतं आणि मग ते वाक्य वर्षानुवर्षं सुटत नाही.

तिसरी गोष्ट, मर्यादा. प्रत्येकाने एका गोष्टीबद्दल आभार मानायचे आणि एक मागणं मागायचं. ‘सर्व आजाऱ्यांना बरं कर, सर्व गरिबांना अन्न दे’ अशी मोघम वाक्यं चालू देऊ नका. शेजारच्या काकांना डेंग्यू झालाय, तर त्यांचं नाव घ्यायचं. ताप उतरल्याचं कळलं की त्याच काकांबद्दल आभार मानायचे. मागितलेलं आठवणीने परत आणून देवासमोर ठेवणं मुलं यातूनच शिकतात.

मूल कुठल्याही भाषेत प्रार्थना करो, अडवू नका. गाणं आणि वाचन मराठीत असलं की पुरे.

मोठं मूल गप्प बसत असेल तर त्याला गप्प बसू द्या. त्याने फक्त ‘आमेन’ म्हटलं तरी ती त्याची पाळी झाली असं समजा. ‘तू का नाही बोलत? देवाची लाज वाटते का?’ हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलंय आणि दरवेळी मला त्या मुलासाठी वाईट वाटलंय. त्या वयात मन उघडं करणं जड जातं. येशूने खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करायलाही सांगितलं आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ते आहे. ते मूल तसं करत असेल. तुम्हाला ते कळण्याची गरज नाही. त्याला घेऱ्यात बसू द्या, त्याच्यासाठी जागा ठेवा, एवढंच तुमचं काम.

चौथी गोष्ट मी सर्वांत आग्रहाने सांगते. मुलाने प्रार्थनेत जे सांगितलं ते घराबाहेर जाता कामा नये. मावशीला फोनवर नाही, महिला मंडळात नाही, कौतुक म्हणूनसुद्धा नाही. मुलगी म्हणाली, ‘प्रभू, मला उद्या शाळेत जायची भीती वाटते’, तर त्या क्षणी डोळे उघडून ‘का गं, काय झालं?’ असं विचारू नका. प्रार्थना पूर्ण होऊ द्या, जेवण होऊ द्या. झोपायच्या वेळी तिच्या अंथरुणाशी बसा आणि मग हळू विचारा. जे तोंडावर सांगता येत नाही ते मुलं प्रार्थनेत सांगतात. तिथे चौकशी सुरू झाली की तेही दार बंद होतं.

पैशांची अडचण मुलांसमोर बोलावी की नाही, यावर मतं वेगवेगळी आहेत. माझं मत: फीसाठी प्रार्थना जरूर करा, मुलांना घरची परिस्थिती कळलेली बरी. पण ‘पाच मुलांचा खर्च कसा भागवू’ असे शब्द त्यांच्या कानावर पडू देऊ नका. मूल लगेच मनात हिशेब करतं की आपण नसतो तर बरं झालं असतं.

आणि मागितलेलं मिळालं नाही तर? आजोबांसाठी रोज प्रार्थना केली आणि ते गेले. मुलं विचारणारच. ‘आपला विश्वास कमी पडला’ हे उत्तर कधीही देऊ नका. त्या उत्तराचं ओझं मूल आयुष्यभर वाहतं, आणि ते खरंही नाही. गेथशेमाने बागेत येशूने स्वतः दुःखाचा प्याला, म्हणजे पुढे येणारं मरण, टळावा असं मागितलं होतं, आणि तो टळला नाही. ती गोष्ट मार्कच्या चौदाव्या अध्यायात आहे; त्या आठवड्यात तीच वाचा. मुलं रडली तर रडू द्या, तुम्हीही रडा.

भांडणाच्या दिवशी

पाच मुलं म्हणजे आठवड्यातून तीन दिवस कुणाचं तरी कुणाशी बिनसलेलं असतं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात म्हटलं आहे की अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. म्हणून गाण्याआधीच मिटवा. जबरदस्तीने ‘सॉरी’ म्हणवून घेऊ नका. एकाने दुसऱ्याला पाणी आणून दिलं तरी चालतं. तुम्हीच मुलावर विनाकारण आवाज चढवला असेल तर सर्वांसमोर त्याची क्षमा मागा. प्रार्थनेत देवाकडे मागण्याआधी त्याच्याकडे मागा.

शेवट

येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सर्वांनी मिळून, सावकाश. ‘आमेन’ म्हटलं की लगेच ताटं. त्यानंतर सूचना, निरोप, उद्याचं वेळापत्रक असं काही जोडू नका. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई म्हणून दोन अध्याय वाचत बसू नका, जिथे थांबला होतात तिथून पुढे चला.

मुलं बारा वर्षांची झाली की आठवड्यातला एक दिवस त्यांच्याकडे सोपवा. गाणं त्यांनी निवडायचं, वचनं त्यांनी काढायची, कुणी कधी बोलायचं तेही त्यांनी सांगायचं. त्या दिवशी आईबापांनी मुलांसारखं सतरंजीवर बसायचं आणि मध्ये एकही सूचना द्यायची नाही. गाणं चढ्या पट्टीत लागलं तर त्याच पट्टीत गा.