लाइफ सिम्युलेशन खेळांसाठी कमी खर्चातला डेस्कटॉप कसा निवडावा

गेमिंगचा संगणक म्हटले की बहुतेक जण प्रथम ग्राफिक्स कार्डाची चौकशी करतात आणि उरलेल्या पैशांत बाकीचे भाग बसवतात. गोळीबाराच्या किंवा मोटारशर्यतींच्या खेळांसाठी हा क्रम ठीक आहे. लाइफ सिम्युलेशन, म्हणजे पात्रांचे रोजचे आयुष्य चालवण्याच्या, खेळांच्या बाबतीत मात्र तो बहुधा उलटा ठेवावा लागतो. ‘द सिम्स ४’मध्ये एका कुटुंबात ८ पात्रे असू शकतात. त्या प्रत्येकाची भूक, झोप, मनःस्थिती, इतरांशी असलेले नाते आणि पुढच्या क्षणी ते काय करणार याचा हिशेब संगणकाला सतत ठेवावा लागतो. शिवाय शेजारी, पाहुणे आणि रस्त्याने जाणारी माणसे असतातच. पडद्यावरचे चित्र त्या मानाने साधे असते. म्हणून हात आखडता असेल तर पैसा आधी प्रोसेसर (हिशेब करणारा मुख्य भाग), रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि एसएसडी (वेगवान साठवण डिस्क) यांवर खर्च करावा आणि ग्राफिक्स कार्डाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो खरेदीपूर्वीच लक्षात घ्यायला हवा. या प्रकारातले सगळे खेळ एकाच वजनाचे नाहीत. २०१६ साली आलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ २ जीबी रॅमच्या संगणकावरही चालतो; केवळ तोच खेळायचा असेल तर नवा डेस्कटॉप घेण्याची गरजच नाही. २०१४ मधला ‘द सिम्स ४’ मध्यम वजनाचा आहे. ‘इनझोई’ हा मार्च २०२५ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आलेला खेळ मात्र अनरिअल इंजिन ५ या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर बांधलेला असून त्याची किमान अपेक्षाच १२ जीबी रॅम आणि जीफोर्स आरटीएक्स २०६० या कार्डाची आहे. शिफारस तर १६ जीबी आणि आरटीएक्स ३०७० अशी आहे. ‘इनझोई’ हेच उद्दिष्ट असेल तर वरचा क्रम बदलतो आणि अंदाजपत्रकाचा मोठा वाटा कार्डाकडे जातो. ‘द सिम्स ४’ आणि ‘इनझोई’ या दोन्ही खेळांना पुरेल असा स्वस्त संगणक शोधण्यात वेळ घालवू नये, कारण तो स्वस्त राहत नाही. त्याचप्रमाणे, अद्याप न आलेल्या खेळासाठी आज संगणक घेणेही शहाणपणाचे नाही. ‘लाइफ बाय यू’ या याच प्रकारच्या खेळाची तारीख अनेकदा पुढे ढकलली गेली आणि जून २०२४ मध्ये तो खेळच रद्द झाला.

यापुढचे विवेचन प्रामुख्याने ‘सिम्स’ मालिका आणि त्या वजनाचे खेळ डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

खेळाच्या पानावर छापलेल्या किमान आणि शिफारस केलेल्या गरजा वाचाव्यात, पण त्या मूळ खेळासाठी असतात हे विसरू नये. ‘द सिम्स ४’साठी किमान ४ जीबी आणि शिफारस म्हणून ८ जीबी रॅम सांगितली जाते. प्रत्यक्षात नियमित खेळणारा माणूस मूळ खेळावर थांबत नाही. तो विस्तार घेतो, इतरांनी बनवलेले कपडे, केशरचना आणि फर्निचर उतरवून घेतो, नियम बदलणारे मॉड बसवतो. यांतली प्रत्येक गोष्ट रॅम आणि डिस्क या दोघांवर भार टाकते. तेव्हा आपण कोणता खेळ खेळतो याइतकेच आपण तो कसा खेळतो हेही महत्त्वाचे आहे. १६ जीबी रॅम हा आज वाजवी पाया आहे. ८ जीबीवर खेळ सुरू होईल, पण पाठीमागे ब्राउझर उघडा ठेवून खेळण्याची सवय असल्यास अडचण जाणवेल. ३२ जीबीची गरज या खेळांत क्वचितच पडते. २००९ मधला ‘द सिम्स ३’ खेळणाऱ्यांनी तर जादा रॅमच्या मोहात पडूच नये: तो ३२-बिट प्रोग्रॅम असल्यामुळे संगणकात कितीही रॅम असली तरी ४ जीबीपलीकडे ती वापरू शकत नाही.

प्रोसेसर निवडताना कोअरची (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणन-भागांची) संख्या मोजण्यापेक्षा एकेका कोअरचा वेग पाहावा. या खेळांचा मुख्य हिशेब बहुतांशी एका कोअरवर चालतो आणि तो मागे पडला की एक विशिष्ट लक्षण दिसते: चित्र सुरळीत हलत असते, कॅमेरा सहज फिरतो, पण पात्रे सांगितलेले काम करण्याऐवजी जागच्या जागी उभी राहतात आणि वेळ वेगाने पुढे नेण्याचे बटण दाबूनही घड्याळ रेंगाळते. महागडे ग्राफिक्स कार्ड हे दुखणे बरे करू शकत नाही. इंटेलचा आय३-१२१०० हा ४ कोअर आणि ८ थ्रेडचा (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या धाग्यांचा) प्रोसेसर या कामाला पुरेसा आहे. एएमडीच्या रायझन ५ मालिकेतील ६ कोअरचा ५६००जी हाही चांगला पर्याय आहे. नुसत्या ‘आय७’ या नावावर भाळू नये. डॅशनंतरचे पहिले एक किंवा दोन अंक पिढी सांगतात, आणि २०११ मधला आय७-२६०० हा २०२२ मधल्या आय३-१२१०० पेक्षा बराच मागे आहे. जुन्या संगणकांच्या जाहिरातींत पिढीचा उल्लेख सोयीस्करपणे गाळलेला असतो, म्हणून पूर्ण क्रमांक विचारून घ्यावा.

क्रमांकाच्या शेवटचे अक्षरही वाचावे. इंटेलच्या क्रमांकाशेवटी ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स (प्रोसेसरमध्येच असलेला चित्र काढणारा भाग) नसते, म्हणजे वेगळे कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीही दिसणार नाही. एएमडीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत ‘जी’ हे अक्षर अंगभूत ग्राफिक्स तुलनेने सक्षम असल्याचे सांगते. ५६००जी किंवा त्यापुढचा, रेडिऑन ७६०एम हे अंगभूत ग्राफिक्स असलेला ८६००जी घेतल्यास ‘द सिम्स ४’ १९२० × १०८० या रिझोल्युशनवर वेगळ्या कार्डाशिवाय समाधानकारक खेळता येतो. आय३-१२१०० मधले यूएचडी ७३० हे अंगभूत ग्राफिक्स त्याहून दुबळे आहे. त्यावर खेळाची सेटिंग खाली आणावी लागतात.

अंगभूत ग्राफिक्सवर विसंबणार असाल तर रॅमविषयी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. अशा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते संगणकाच्या रॅममधूनच वाटा घेते, आणि म्हणून रॅमचा वेग थेट चित्राच्या वेगावर परिणाम करतो. १६ जीबीची एकच पट्टी लावण्याऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या तर प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलू शकतो आणि खेळात फरक दिसतो. तयार जोडलेल्या स्वस्त संगणकांत नेमकी येथेच काटकसर केलेली आढळते. खरेदीच्या वेळी ‘किती जीबी’ एवढेच न विचारता ‘किती पट्ट्या’ हेही विचारावे.

डिस्कच्या बाबतीत फारशी चर्चा करण्यासारखे काही नाही: एसएसडी हवी, आणि खेळ तिच्यावरच हवा. हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला साधारण १५० एमबी देते, सॅटा या जुन्या जोडणीची एसएसडी सुमारे ५५० एमबी. खरा फरक मात्र छोट्या फायली वाचताना पडतो, आणि मॉडचे फोल्डर म्हणजे हजारो छोट्या फायलीच असतात. एनव्हीएमई या नव्या जोडणीच्या प्रकारची एसएसडी कागदावर कित्येक पट वेगवान दिसते, तरी या खेळांत सॅटाच्या तुलनेत तिचा फायदा मर्यादित आहे. किमतीत फरक नसेल तर ती घ्यावी, एवढेच. ‘द सिम्स ४’ सर्व विस्तारांसह ५० जीबीहून अधिक जागा घेतो, मॉड वेगळे, त्यामुळे ५०० जीबीपेक्षा कमी क्षमतेची एसएसडी घेऊ नये.

वेगळे कार्ड घ्यायचेच ठरले तर आधी पॉवर सप्लाय पाहावा. आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती ७० वॉटवर चालते आणि सहसा तिला स्वतंत्र वीजजोडणी लागत नाही, म्हणून जुन्या संगणकात बसवण्यास ती सोपी पडते. रेडिऑन आरएक्स ६६०० तिच्याहून ताकदवान आहे, पण तिला सुमारे १३० वॉट आणि वेगळी वीजजोडणी लागते. आरएक्स ६४०० लहान आणि स्वस्त असली तरी ती पीसीआय एक्स्प्रेसच्या (कार्ड आणि मदरबोर्ड यांतील जोडणीच्या) ४ लेनच, म्हणजे मार्गिकाच, वापरते, त्यामुळे पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या जुन्या मदरबोर्डवर तिची गती घटते. जुन्याच संगणकात बसवायला ती घेतली जाते, हा त्यातला विरोधाभास.

कमी पैशांत सर्वाधिक मोल मिळते ते कार्यालयांनी बदलून टाकलेल्या डेस्कटॉपमध्ये. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर हे संगणक दणकट असतात, पण तीन गोष्टी तपासल्याशिवाय ते घेऊ नयेत. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची किमान ८ वी पिढी किंवा रायझन २००० मालिका लागते. त्याआधीचा संगणक कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्यावा. दुसरे म्हणजे पेटीचा आकार. पुस्तकाएवढ्या छोट्या पेटीत सहसा ग्राफिक्स कार्ड बसतच नाही, मधल्या आकारात केवळ कमी उंचीचे बसते, आणि पूर्ण उंचीच्या टॉवरमध्येच खरा वाव असतो. तिसरे, या संगणकांचा पॉवर सप्लाय अनेकदा खास आकाराचा असतो आणि बाजारात मिळणारा सर्वसाधारण सप्लाय त्याच्या जागी चालत नाही.

मॉनिटरवर डोके खपवू नये. ६० हर्ट्झचा १९२० × १०८० मॉनिटर पुरेसा आहे, कारण येथे विजेच्या वेगाने प्रतिक्रिया देण्याचा प्रश्नच नसतो.

पैसे मोजण्याआधी शक्य असल्यास हाताशी असलेल्या संगणकावर चाचणी घ्यावी. ‘द सिम्स ४’चा मूळ खेळ ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य आहे आणि त्याच्या सेटिंगमध्ये दुबळ्या यंत्रांसाठी ‘लॅपटॉप मोड’ही दिलेला आहे. खेळ सुरू ठेवून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडावा आणि रॅम, डिस्क, ग्राफिक्स यांपैकी काय भरून वाहते ते पाहावे. प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर विश्वास ठेवू नये: ८ थ्रेडच्या प्रोसेसरात एक थ्रेड पूर्ण थकलेला असला तरी एकूण आकडा १२-१३ टक्केच दिसू शकतो. आलेखावर राइट-क्लिक करून प्रत्येक थ्रेडचा वेगळा आलेख लावला की काही प्रमाणात उलगडा होतो. स्टीम या खेळविक्रीच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो, त्यामुळे नव्या संगणकावर जड खेळ आजमावण्यासाठीही या सवलतीचा उपयोग होतो.

संगणक घरी आल्यावर, त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या नव्हे, तर कार्डाच्याच पोर्टमध्ये लावल्याची खात्री करावी. ‘द सिम्स ३’ खेळणार असाल तर कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दर सेकंदाच्या फ्रेमची, म्हणजे चित्रांची, मर्यादा ६० वर बांधून ठेवावी, कारण तो खेळ स्वतः ती मर्यादा नीट पाळत नाही आणि साध्या दृश्यातही कार्ड विनाकारण तापवतो.