संधिवाताचे पथ्य कसे ठरवावे

संधिवात झाल्याचे कळले की घरात पहिला प्रश्न येतो तो ‘आता काय खायचे नाही?’ हा. त्याआधी डॉक्टरांना विचारायला हवे की हा संधिवात नेमका कोणता. शंभराहून अधिक विकार या एका नावाखाली येतात आणि त्या सर्वांना एकच पथ्य लागू पडत नाही. बांगडा किंवा तारली यांतील ओमेगा-३ ही चरबी आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो विकार) रुग्णाला थोडीफार उपयोगी पडते, पण तेच मासे गाउट (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून होणारा संधिवात) असलेल्याच्या रक्तातील युरिक ॲसिड वाढवतात.

आहाराशी सर्वांत जवळचा संबंध गाउटचा आहे. रक्तातील युरिक ॲसिड दर डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की त्याचे स्फटिक सांध्यात साठू शकतात. म्हणून उपचारात ते ६ च्या खाली ठेवले जाते. कलेजी, गुर्दे, बिअर आणि साखरेची शीतपेये वर्ज्य करावीत, मटण व कोळंबी बेताने घ्यावी. डाळी, पालक, मटार यांत प्युरिन (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनते ते द्रव्य) असले तरी त्यांमुळे गाउटचा धोका वाढत असल्याचे दिसलेले नाही, तेव्हा वरण बंद करण्याचे कारण नाही. निर्जळी उपवास मात्र टाळावा, कारण उपाशीपोटी युरिक ॲसिड वाढते. एवढे सारे पाळूनही ते सहसा एखाद्या मिलिग्रॅमनेच उतरते, म्हणून पथ्य सुरू केले की गोळ्या बंद, असा हिशेब करू नये.

गुडघ्यांची झीज असल्यास मुख्य पथ्य वजनाचे असते. अंगावरचे एक किलो कमी झाले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. माझ्या आईला नातेवाइकांनी आंबट सोडायला सांगितले आणि तिने दोन वर्षे दही, ताक, लिंबू, टोमॅटो यांना हात लावला नाही. जेवण बेचव झाले, ती चहा-बिस्किटांवर भूक भागवू लागली, आणि वजन वाढून जिना चढणे आणखी अवघड झाले. आंबटाने सांधे झिजतात याला आधार नाही. उलट ताक-दह्यातून मिळणारे प्रथिन आणि कॅल्शियम या वयात हवेच असते.

वजनासाठी सुरुवात तेलापासून करावी. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज चाळीस मिलिलिटरहून अधिक तेल येते. महिन्याचे तीन लिटर वेगळ्या बरणीत काढून त्यातच भागवावे. फोडणी मोजक्या चमच्याने घातली की हे जमते. रात्रीच्या भाताच्या दुसऱ्या वाढीऐवजी मुगाची उसळ किंवा कोशिंबीर घ्यावी. वजन सावकाश उतरू द्यावे आणि मांड्यांचे स्नायू टिकावेत म्हणून सांगितलेला व्यायाम सोडू नये.

आमवातात औषधाची जागा कोणताही पदार्थ घेऊ शकत नाही. मेथोट्रेक्झेट हे आमवाताचे औषध चालू असेल, तर मद्य टाळावे आणि फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच घ्यावी. स्टेरॉइड दीर्घकाळ घ्यावे लागत असेल, तर हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून भाकरी किंवा आंबील नेमाने घ्यावी. दुखण्यावर तत्काळ आराम देणाऱ्या, घटक न छापलेल्या पुड्या मुळीच घेऊ नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे.

एखाद्या पदार्थाने दुखणे वाढते असे वाटत असेल, तर एका वेळी एकच पदार्थ तीन आठवडे बंद ठेवावा आणि सकाळी सांधे किती वेळ आखडलेले राहतात ते वहीत रोज लिहावे. त्यानंतर तो पुन्हा खाऊन पाहावा. नोंदींत फरक दिसला नाही, तर तो पदार्थ निःशंकपणे ताटात घ्यावा.