परदेशात अडकलेलं माणूस घरी आणायचंय? ठाणे-नवी मुंबईवाल्यांनी काय करायचं

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. फ्लाइट बंद झाल्या की परत येणाऱ्यांची यादी दिल्लीत नाही बनत आणि मुंबईत तर नाहीच नाही, माणूस ज्या देशात अडकलंय तिथल्या भारतीय दूतावासात किंवा कॉन्सुलेटमध्ये बनते. त्यामुळे इथे बसून नगरसेवक, आमदार, मंत्रालयातला कोणीतरी ओळखीचा असे फोन फिरवत पहिले दिवस घालवू नका, तिकडच्या माणसाला सांगा की आजच्या आज फॉर्म भर.

कोविडमुळे २३ मार्च २०२० पासून आपल्याकडची नेहमीची इंटरनॅशनल विमानं बंद झाली ती थेट २७ मार्च २०२२ ला पूर्ववत झाली. म्हणजे दोन वर्षं! मधे वंदे भारत मिशन होतं, म्हणजे अडकलेल्यांना आणायची सरकारची खास विमानं, ७ मे २०२० पासून, आणि जुलैपासून एअर बबल, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवून सुरू केलेली मोजकी विमानं. पुन्हा कधी असं झालं तर नावं वेगळी असतील, पण गाडी साधारण याच रुळावरून जाईल असं धरून चालते.

फॉर्मचं बघू. कॉन्सुलेट कुठलं ते आधी बघा, कारण अमेरिकेत डॅलसवाल्याला ह्यूस्टन लागतं आणि न्यू जर्सीवाल्याला न्यूयॉर्क, चुकीच्या ठिकाणी भरलं की नाव नुसतं पडून राहतं. पासपोर्ट नंबर, व्हिसा कुठला, कधी संपतो, भारतात कुठे उतरायचंय हे सगळं विचारतात आणि मग येतो कारणाचा रकाना. इथे लोक "घरी यायचंय" एवढंच लिहितात. अहो घरी सगळ्यांनाच यायचं असतं! २०२० मधे आधी नंबर लागला तो नोकरी गेलेल्या कामगारांचा, व्हिसा संपत आलेल्यांचा, आजारी, गरोदर आणि वयस्कर माणसांचा, घरात मयत झालेल्यांचा आणि हॉस्टेल बंद झालेल्या विद्यार्थ्यांचा. यातलं जे खरं असेल ते तारखेसकट लिहा, डॉक्टरचं पत्र असेल तर जोडा. खोटं मात्र लिहू नका, पुढे कागद मागतात. आणि नाव लागलं तरी तिकीट फुकट नसतं हे आधीच सांगून ठेवा, वंदे भारतला लंडन-मुंबई ५० हजार आणि अमेरिकेहून साधारण १ लाख असा दर सरकारने जाहीर केला होता. २०२२ ला युक्रेनमधून मुलं आणली ती ऑपरेशन गंगाची विमानं सरकारी खर्चाने होती, ते डोक्यात ठेवून पुष्कळजण "सरकार आणतंय ना" म्हणून निवांत राहतात. खरंच पैसे नसतील तर दूतावासाकडे इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड असतो, त्यातून मदत मागायला लाजू नका, आखातातल्या कामगारांनी तर नक्की विचारावं.

आता आपल्याकडे सगळ्यात कॉमन केस. आई-बाबा मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेलेत आणि तिकडेच अडकले. पासपोर्टवरचा व्हिसा दहा वर्षांचा दिसतो म्हणून सगळे बिनधास्त, पण राहायची मुदत व्हिसावर नसते, आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत शिरताना होणाऱ्या नोंदीवर असते, बहुतेक सहा महिने. ती तारीख उलटायच्या आत आय-५३९ फॉर्म भरून मुदतवाढ मागायची, विमान मिळेल या आशेवर थांबायचं नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या किती उरल्यात ते त्याच दिवशी मोजायला सांगा, इथल्या डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी मागवून पाठवा, कारण इथला ब्रँड तिथल्या केमिस्टला माहीत नसतो आणि कुरिअरवर तर विसंबूच नका. पासपोर्ट संपला किंवा हरवला असेल तर तेवढ्यासाठी अडून बसू नका, दूतावास भारतात एकदा परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट देतं, नवा पासपोर्ट मग इथे ठाण्यात वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्रात येऊन काढा.

जहाजावरच्यांचं गणित वेगळं. नेरूळ, बेलापूर, खारघरला किती घरातले लोक मर्चंट नेव्हीत आहेत ते मी सांगायला नको. त्यांनी दूतावासाच्या यादीची वाट बघत बसायचं नाही, कंपनीला आणि मॅनिंग एजंटला (जहाजावर माणसं भरती करून देणारा) धरायचं, कारण कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर घरी पोचवायचा खर्च जहाजमालकाचा, जहाजावरच्या कामगारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय करारात, २००६ च्या मेरीटाईम लेबर कन्व्हेन्शनमधेच आहे ते. तक्रार लेखी, मेलवर, आणि कॉपी डीजी शिपिंगला, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याला.

कोविडसारख्या वेळी टेस्टचा घोळ फार होतो. निघायच्या आधी ७२ तासांतली टेस्ट म्हटलं की ते रिपोर्ट हातात आल्यापासून नाही, सॅम्पल दिल्यापासून मोजा म्हणजे काउंटरवर वाद नको. रिपोर्टवर नाव पासपोर्टसारखंच हवं, आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं आणि तिथेच गोंधळ होतो. एअर बबल असेल तर तो दोन देशांपुरताच करार असतो, मधे तिसऱ्या देशात विमान बदलायचं स्वस्त तिकीट दिसलं की आधी एअरलाइनला विचारा, मग पैसे भरा.

इकडे उतरल्यावर काय? २०२० च्या मे अखेरपासून सात दिवस स्वतःच्या पैशाने हॉटेल आणि सात दिवस घरी असं होतं. गरोदर बाई, घरात मयत, गंभीर आजार, दहा वर्षांखालचं मूल बरोबर, यांना हॉटेलमधून सूट मागता यायची, पण ऑगस्टपासून तो अर्ज निघायच्या ७२ तास आधी ऑनलाइन करावा लागायचा. विमानतळावर येऊन गयावया करून काही होत नव्हतं. मुंबईचंच विमान पाहिजे असा हट्ट नको, दिल्ली मिळालं तरी या, फक्त क्वारंटाईन कुठल्या शहरात करावा लागेल ते विचारून घ्या. आता उलव्याला पण विमानतळ झालंय, पण बंदीच्या काळात सगळीकडे विमानं उतरवतीलच असं नाही.

घरी आणायच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगा, गेटवर तमाशा होण्यापेक्षा ते बरं. कमिटी फारच कायदा शिकवायला लागली तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला फोन लावा, माणसाला स्वतःच्या घरात येऊ द्यायचं की नाही हे ठरवायचा अधिकार कमिटीचा नाही. वेगळी खोली आणि वेगळा संडास नसेल तर मात्र सरळ हॉटेलच बघा, वन बीएचकेमधे पाच जणांत होम क्वारंटाईन म्हणजे नुसतं नावाला.

"मिशनमधे सीट करून देतो" म्हणणारे एजंट व्हॉट्सअ‍ॅपवर उगवतातच. पैसे एअरलाइनला नाहीतर दूतावासाने सांगितलं त्याच मार्गाने, तिसऱ्या कोणाच्या जीपेला नाही.

आणि रद्द झालेलं जुनं तिकीट विसरू नका. १ ऑक्टोबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने लॉकडाऊनमधल्या तिकिटांचा रिफंड नाहीतर क्रेडिट द्यायला लावलं होतं, तेव्हा पीएनआर, पैसे भरल्याचा मेसेज आणि रद्द झाल्याचा ईमेल तिन्ही जपून ठेवा, एजंटकडून काढलं असेल तर पैसे एजंटकडेच परत जातात, तिथे रोज फोन करावा लागतो.