ड्युनेडिनची हाफ डे टूर दुपारचीच घ्या
न्यूझीलंडला ड्युनेडिनमध्ये एकच दिवस मिळणार असेल तर ओटागो पेनिन्सुलाची हाफ डे वाइल्डलाइफ टूर दुपारचीच बुक करा, कारण अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याला उडायला वारा लागतो आणि तो बहुतेकदा दुपारनंतरच वाढतो, वारा पडला की हे पक्षी नुसते बसून राहतात. पेनिन्सुलाच्या टोकाला, तायारोआ हेडला, पंख पसरल्यावर जवळजवळ ३ मीटर भरणारा हा पक्षी पंख न हलवता डोक्यावरून सरकत जातो ना, बघतच राहावंसं वाटतं! पेंग्विनही संध्याकाळकडेच समुद्रातून वर येतात. बीचवर सी लायन (सीलसारखा मोठा समुद्री प्राणी) वाळूत पडलेला असला की लांबून ओंडकाच वाटतो, पण २० मीटर लांब थांबा, आणि त्याच्या नि पाण्याच्या मधे तर अजिबात जाऊ नका प्लीज. विंडचीटर उन्हाळ्यातही न्याच.