जुन्या प्रिया स्कूटरचं ऑईल आणि टायमिंग घरच्या घरी कसं लावावं

साताऱ्यात एखाद्या वाड्याच्या पडवीत, पोत्याखाली झाकलेली प्रिया अजून सापडते. सापडणारच, ती इथलीच. बजाज ऑटो आणि वेस्टर्न महाराष्ट्र डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन यांनी मिळून 1975 साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि तिच्या साताऱ्यातल्या कारखान्यात प्रिया तयार व्हायची.

आमच्या काकांच्या प्रियानं यवतेश्वरच्या घाटात तीनदा पिस्टन धरला, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्येच अडकून बसला. एकदा उतरताना, दोनदा चढताना. तिन्ही वेळा निदान एकच, "ऑईल कमी पडलं." काका ऑईल वाढवत गेले, मागे धुराचा लोट, गाडी धरायची ती धरलीच. पहिल्यांदा दोष खरंच ऑईलचा होता. पुढच्या दोन वेळांचा नव्हता. ते कसं, ते खाली येईलच.

आधी ऑईल. या इंजिनाला ऑईलची वेगळी टाकी नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑईल कार्ब्युरेटरमधून क्रँककेसमध्ये जातं, बेअरिंग आणि पिस्टन ओले करतं आणि शेवटी जळून जातं. प्रमाण 2 टक्के, म्हणजे लिटरला 20 मिली, पाच लिटरला 100. अंदाजानं झाकणभर ओतू नका. औषधाच्या बाटलीबरोबर येतं तसलं मापाचं टोपण डिकीत ठेवा. ऑईल थेट टाकीत ओतून वर पेट्रोल घेण्यापेक्षा कॅनमध्ये दोन्ही हलवून मग टाकीत ओतलेलं बरं.

जास्त ऑईल म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज सोडा. कार्ब्युरेटरच्या जेटमधून (बारीक भोकातून) जाणाऱ्या मिश्रणात ऑईल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं. हवा तेवढीच राहते, मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. शिवाय प्लग काळा होतो आणि सायलेन्सर कार्बननं बुजतो, तो खर्च वेगळाच.

उतारावरची सवयही बदला. गिअरमध्ये गाडी, थ्रॉटल पूर्ण बंद, इंजिन जोरात फिरतंय. अशा वेळी पेट्रोल नाही, म्हणजे ऑईलही नाही. काकांचा पहिला पिस्टन असाच गेला, कासहून परत येताना. उतारावर अधूनमधून थ्रॉटल थोडा उघडत राहा.

गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं, एसएई 30, साधारण 250 मिली. ते आपोआप कमी होत असेल आणि धूर पांढरा येत असेल, तर क्लचकडचं ऑईल सील गेलंय. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरा. इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढून घेतं.

आता टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती आधी स्पार्क पडतो ते. स्पार्क लवकर पडला तर टायमिंग पुढे, उशिरा पडला तर मागे. खाली लिहिलंय ते पॉइंटवाल्या गाडीचं. पॉइंट म्हणजे उघडताच स्पार्क पाडणारा छोटा स्विच. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत पॉइंटचं काम नसतं. फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), मॅग्नेट (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) काढायचा पुलर, दोरा, मार्कर आणि पतंगाच्या कागदाची पट्टी एवढं जवळ घ्या. प्लग काढा, फॅनचं कव्हर उतरवा.

सुरुवात गॅपपासून, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग आपसूक पुढे जातं. मॅग्नेटच्या खिडकीतून बघत, पॉइंट सगळ्यात जास्त उघडा असताना गॅप 0.4 मिमी करा. पॉइंटवर खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, नवा बसवा. कॅमला (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याला) टेकणाऱ्या फेल्टला ग्रीसचं नुसतं बोट लावा.

पुढचं काम पिस्टनचा सर्वात वरचा बिंदू शोधायचं. प्लगचं भोक तिरकं असेल तर त्यातून घेतलेलं व्हर्नियरचं माप खोटं येतं. म्हणून जुन्या प्लगमधली चिनीमाती काढून त्यात बोल्ट घट्ट बसवा आणि तो प्लगच्या जागी लावा. पिस्टन वर येताना त्याला टेकून थांबेल. केसिंगवर एक कायमची खूण करा. मॅग्नेट हातानं हळू एका दिशेनं टेकेपर्यंत फिरवा, त्या खुणेसमोर मॅग्नेटच्या कडेवर रेघ मारा. मग उलट्या दिशेनं फिरवून दुसरी रेघ. जवळजवळ पडलेल्या या दोन रेघांचा मध्य म्हणजे वरचा बिंदू. बोल्टवाला प्लग आता काढून टाका.

मॅग्नेटच्या कडेभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजा. समजा तो 540 मिमी भरला आणि तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत स्पार्क वरच्या बिंदूच्या 22 अंश आधी दिलाय, तर 540 गुणिले 22 भागिले 360, म्हणजे 33 मिमी. मॅग्नेट समोरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याच दिशेनं, मध्याच्या 33 मिमी पुढे स्पार्कची खूण करा.

पॉइंट बंद असताना कागदाची पट्टी त्यात धरा, तिला अगदी हलका ताण द्या आणि मॅग्नेट फिरण्याच्या दिशेनं सावकाश सरकवा. पट्टी ज्या क्षणी सुटून हातात येते, त्या क्षणी पॉइंट उघडला. तेव्हा स्पार्कची खूण केसिंगच्या खुणेसमोर हवी. ती अजून पोचली नसेल तर टायमिंग पुढे आहे. ओलांडून गेली असेल तर मागे.

फरक असेल तर मॅग्नेट पुलरनंच काढा. हातोडी मारली की मॅग्नेटसोबत तो ज्यावर बसतो तो क्रँकही खराब होतो. मागच्या स्टेटर प्लेटचे, म्हणजे पॉइंट बसवलेल्या ताटलीचे, तीन स्क्रू सैल करा. प्लेट घड्याळाच्या दिशेनं फिरवली की टायमिंग मागे जातं, उलट फिरवली की पुढे. एका वेळी दीड-दोन मिमीच सरकवा, मॅग्नेट बसवून पुन्हा कागद लावा. तीन-चार फेऱ्या होतातच, चिडू नका.

मॅग्नेट निघालाच आहे तर क्रँकवरची अर्धचंद्राची चावी (मॅग्नेटला क्रँकवर जागी धरणारा छोटा तुकडा) बघून घ्या. काकांच्या गाडीत स्टेटरची खूण कारखान्याच्या खुणेला तंतोतंत जुळत होती आणि तरीही पट्टी फार लवकर सुटत होती. चावी काढून तळहातावर घेतली तर मधोमध पायरी पडलेली. पहिल्यांदा पिस्टन धरला तेव्हा क्रँक जागीच थांबला, जड मॅग्नेट मात्र आपल्या जोरानं पुढे सरकला. कॅम मॅग्नेटमध्येच असतो, म्हणून स्पार्कही तेवढा लवकर पडायला लागला. किक उलटी मारायची, चढाला खडखडायची, ते सगळं यातूनच. नव्या चावीला खर्च नगण्य होता. त्याआधी काकांचं दोनदा सिलिंडर बोर करून (आतून घासून मोठा करून) झालं होतं.

शेवटी प्लगचा गॅप 0.6 मिमी ठेवा, गाडी चढावर घ्या आणि वर पोचल्यावर लगेच इंजिन बंद करून थोडं निवलं की प्लग काढून बघा. टोक चहासारखं तपकिरी असेल तर ठीक. पांढरंफटक असेल तर तशीच हाकू नका. मिश्रण पातळ आहे की टायमिंग अजून पुढेच आहे, ते आधी तपासा.