गोव्याच्या दमट हवेत सापांसाठी उंदीर पाळायचे तर

आधी एक हिशोब करा, टब-पिंजरे नंतर. मोठा झालेला बॉल पायथन दोन-तीन आठवड्यांनी एक उंदीर खातो, म्हणजे वर्षाला साधारण 17 ते 26. दोन साप असले तर 50 पकडा. आता एक मादी एका वेताला 8 ते 12 पिल्लं देते, कधी त्याहून जास्त. दोन माद्या वर्षात तीन-तीन वेळा व्याल्या तरी तुमचं भागतं आणि वर उरतं. त्यामुळे एक नर आणि दोन माद्या, बास. दहा माद्या घेऊन सुरुवात करणारे बघितलेत, चार महिन्यांत घरात उंदीरच उंदीर आणि कुणाला द्यायचे ते कळत नाही. उंदीर वाढवणं सोप्पं आहे हो, थांबवणं अवघड. आणि एकच कॉर्न स्नेक असेल तर माझं स्पष्ट मत, घरी उंदरांची कॉलनी करण्याच्या भानगडीत पडू नका, विकत आणा.

कायद्याचं पण आत्ताच सांगून टाकतो. आपल्याकडचे साप, म्हणजे अजगर, धामण, नाग, काहीच घरात ठेवता येत नाही, 1972 चा वन्यजीव कायदा आहे, अजगर तर त्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. बॉल पायथन परदेशी आहे पण साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतो, त्याची नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, 2024 चे नियम आहेत. ते झालं नसेल तर आधी ते करा.

उंदीर घ्यायचे ते पाळीव जातीचेच, पांढरे किंवा ठिपक्यांचे. शेतातला, गटारातला उंदीर फुकट मिळतो म्हणून सापाला घालू नका. त्याच्या पोटात ब्रोमाडिओलोनसारखं विष असू शकतं, अंगावर गोचिडी-पिसवा, आणि मुतात लेप्टो, पावसात आपल्याकडे लेप्टोची भीती किती असते ते सांगायला नको. विकत घेताना उंदीर कानाजवळ धरा, श्वासात खरखर किंवा सारख्या शिंका असतील, डोळ्या-नाकाभोवती लालसर डाग असतील तर परत ठेवा. मायकोप्लाझ्मा हा श्वासाचा रोग करणारा जंतू एकदा आला की कॉलनीतून जात नाही. नवीन आणलेला दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत.

आता जागा, आणि गोव्यात सगळा खेळ इथेच आहे. उंदराला 20 ते 24 डिग्री आवडतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. उंदराला घाम येत नाही, तो शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो, तापमान 32-33 च्या वर सलग राहिलं की नर काही काळ नापीक होतो आणि माद्या पिल्लं टाकतात, जास्त झालं तर मरतात. म्हणून पत्र्याखाली नको, गच्चीवर नको, जुन्या घराची मागची खोली किंवा उत्तरेकडचा पडवीचा कोपरा बघा, जाड मातीच्या भिंतीचं घर असेल तर तुमचं नशीब. फॅन खोलीत फिरू दे पण थेट टबवर नको. दुपारी बाटलीत पाणी गोठवून फडक्यात गुंडाळून टबला टेकवून ठेवायची, आत एक उरलेली फरशी टाकायची, त्यावर पोट टेकून झोपतात. आणि शक्य असेल तर उन्हाळ्यात वेतच येऊ देऊ नका, मार्चच्या सुरुवातीला नर बाजूला काढा.

जून लागला की दुसरं दुखणं, दमटपणा. ओलं बेडिंग, म्हणजे टबातलं अंथरूण, सडतं, मुताचा अमोनिया साचतो आणि तोच उंदरांच्या फुफ्फुसांवर जातो. तुमच्या नाकाला वास आला म्हणजे त्यांना कधीच त्रास सुरू झालाय असं समजा. पावसात दर तीन-चार दिवसांनी बेडिंग बदला, भाताचा तूस चालतो, कागदाच्या पट्ट्या चालतात, लाकडाचा भुसा घेतलात तर धूळ चाळून आणि पॉलिश-केमिकल न लागलेलाच.

मुंग्यांना कमी लेखू नका. लाल मुंग्या एका रात्रीत नवी पिल्लं खाऊन टाकतात. मांडणीचे चारी पाय साबणाच्या पाण्याच्या डब्यांत ठेवा, साबण नसला तर डास होतात. आणि उंदरांचा वास आला की भाटातली, म्हणजे बागायतीतली, धामण येते, कधी नाग, कधी घोणस. खोलीच्या दाराखाली फट नको, खिडकीला बारीक जाळी हवी, रात्री टॉर्च लावल्याशिवाय आत हात घालायचा नाही. साप दिसलाच तर वनखात्याला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन, स्वतः शौर्य नको.

टब 60 बाय 45 सेंटिमीटरचा, 30 उंच, झाकणाला वेल्डमेशची लोखंडी जाळी. अर्धा इंच जाळीतून लहान पिल्लं निसटतात, त्यामुळे पिल्लांच्या टबला पाव इंची. प्लास्टिकच्या कडा आत येऊ देऊ नका, कडा मिळाली की कुरतडणार. पाण्याला निपलवाली बाटली, रोज बोटाने दाबून थेंब येतो का बघायचं.

खाण्याला 18 ते 20 टक्के प्रोटीनचे पेलेट मिळाले तर उत्तम. नाहीतर गहू, ओट्स, शिजवलेला भात, डाळ, उकडलेलं अंडं, थोडं बिनमिठाचं सुकट, भाजीचे देठ. एक मोठा उंदीर दिवसाला 15 ते 20 ग्रॅम खातो. पण शेंगदाणे, मका आणि खोबरं पावसात जपून, बुरशी धरते आणि तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, उंदराच्या लिव्हरवर फार वाईट. खवट वास आला की सगळं फेकायचं, निवडत बसायचं नाही.

ब्रीडिंगसाठी मादी तीन-चार महिन्यांची झाली की नराबरोबर ठेवा, दर चार-पाच दिवसांनी ती माजावर येते त्यामुळे दहा-बारा दिवस पुरे. पोट दिसायला लागलं की तिला वेगळा टब, भरपूर कागद, आणि मग शांतता. गाभणकाळ 21 ते 23 दिवस. नर त्याच टबमध्ये राहिला तर व्याल्यावर चोवीस तासांत ती परत गाभण राहते, म्हणून नर वेगळा हे ठरवूनच टाका. पहिले दोन-तीन दिवस पिल्लांना हात नको, मेलेली असतील तेवढी काढायची. जन्मताना पाच-सहा ग्रॅमची असतात, दोन आठवड्यांनी डोळे उघडतात, तीन आठवड्यांनी दूध सुटतं. पाचव्या आठवड्याच्या आत नर-मादी वेगळे करायचेच करायचे, कारण तेव्हापासूनच ती आपसात सुरू होतात आणि मग हिशोब गेला. मादीला पिल्लं सुटल्यावर दोन-तीन आठवडे आराम. टबवर चिकटपट्टी लावून तारखा लिहा, डोक्यात राहत नाहीत. साधारण सव्वा वर्षाच्या मादीला निवृत्त करा.

मारण्याचा भाग आवडत नसेल तर हे सुरूच करू नका, कारण जिवंत उंदीर सापाला देणं हा उपाय नाही, अडकलेला उंदीर सापाचं तोंड-डोळा फोडतो. मोठ्यांसाठी कार्बन डायऑक्साइड सिलिंडर आणि रेग्युलेटर, डबा हळूहळू भरायचा, एकदम नाही. व्हिनेगर-सोड्याचा जुगाड नको, गॅस किती आला ते कळतच नाही. अगदी लहान पिल्लांना हा गॅस फार वेळ घेतो, त्यांची पद्धत वेगळी आहे. हे सगळं जनावरांच्या डॉक्टरकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. पाण्यात बुडवणं, जिवंत फ्रीजरमध्ये टाकणं, असले प्रकार नाहीत.

नंतर प्रत्येकाला वजनाप्रमाणे वेगळ्या पिशवीत, वर तारीख, आणि फ्रीजर वेगळाच. घरच्या फ्रीजरमध्ये बांगड्यांच्या शेजारी उंदीर ठेवलात तर घरातल्यांचं बोलणं ऐकायची तयारी ठेवा, तो मुद्दा बरोबरच आहे त्यांचा. सहा महिन्यांत संपवा. द्यायच्या आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा, सकाळी पिशवीसकट 40 डिग्रीच्या आसपास कोमट पाण्यात, मायक्रोवेव्ह नको, पोट फुटतं. उंदीर सापाच्या सगळ्यात जाड भागाइतकाच रुंद. पावसात लाइट जाऊन मऊ पडलेला माल परत गोठवायचा नाही, खोल खड्ड्यात पुरा, आणि जास्तीचे जिवंत उंदीर भाटात सोडायचे नाहीत. वापरलेला तूस नारळाच्या आळ्यापासून जरा लांब खड्ड्यात कुजवा, भाजीच्या वाफ्यात नको.