जुन्या रिव्हॉल्व्हरची मूळ मूठ कशी ओळखावी

ग्वाल्हेरच्या एखाद्या सरदार वाड्यात वारशाने आलेले रिव्हॉल्व्हर तपासताना, ते रिकामे असल्याची जाणकाराकडून खात्री करून मगच मुठीकडे वळावे. मूळ मूठ चौकटीशी, म्हणजे शस्त्राच्या धातूच्या सांगाड्याशी, सलग बसते आणि लाकडाची झीज धातूच्या झिजेशी जुळते. झिजलेल्या धातूवर धारदार कडांचे लाकूड दिसल्यास संशय घ्यावा. कोल्ट या अमेरिकी कंपनीच्या १८५१ च्या नेव्ही नमुन्याची मूठ सामान्यतः अक्रोडाच्या एकसंध तुकड्याची असते, तर स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या मुठीच्या दोन पट्ट्यांपैकी उजव्या पट्टीच्या आतील बाजूस अनेकदा शस्त्राचा क्रमांक आढळतो, तो चौकटीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. काही मुठींचे काळे कडक रबर उन्हाने तपकिरी पडते. तो रंग घासून काढणे मला अनाठायी वाटते. हस्तिदंती मुठीच्या खरेदी-विक्रीस भारतात बंदी आहे.